बाळाचं नाक वाजतंय: ऐकायचं काय आणि बघायचं काय

बाळाला घरी आणल्यानंतरची तिसरी रात्र. दिवे मालवलेले, आणि बाळाकडून एकसारखा आवाज येतोय. पेल्याच्या तळाशी उरलेलं पाणी नळीने ओढावं तसा. फुर्र, खर्र, मग चार-पाच सेकंद काहीच नाही, आणि पुन्हा फुर्र. आम्ही दोघं ताडकन उठून बसलो. मोबाइलचा टॉर्च, दवाखान्याचे कागद, "निघायचं का?" अशी कुजबुज. या गडबडीत बाळ जागं झालं, रडलं, पोटभर दूध प्यायलं आणि पुन्हा त्याच सुरात वाजत झोपून गेलं. त्याला काहीही झालेलं नव्हतं.

साधारण सहा आठवड्यांनंतरची दुसरी एक रात्र मात्र बरीचशी शांत होती. बाळाला सर्दी होती, पण नाक फारसं वाजत नव्हतं. फक्त दूध ओढता ओढता ते सारखं सोडत होतं, आणि लंगोट दुपारपासून कोरडा होता. सहज झबलं वर केलं तर प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. तसेच निघालो. पुढचे चार दिवस बाळ इस्पितळात ऑक्सिजनवर होतं.

पहिल्या रात्री आम्ही घाबरलो आवाजाला, आणि दुसऱ्या रात्री आवाज नाही म्हणून जवळजवळ झोपलोच होतो. म्हणून हा लेख कानापेक्षा डोळ्यांवर जास्त भर देतो.

एवढंसं नाक एवढं का वाजतं

पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. तोंडाने श्वास घेणं त्याला अगदीच जमत नाही असं नाही, पण ती त्याची सवय नसते. त्यात नाकातली वाट इतकी अरुंद, की मोठ्या माणसाला जाणवणारही नाही एवढा शेंबूड तिथे शिट्टीचं काम करतो. बाळाला नाक शिंकरता येत नाही. दुधाची गुळणी आली की थोडं दूध नाकाच्या मागच्या बाजूला चढतं आणि तिथली त्वचा सुजते. खोलीतली हवा कोरडी असली तर आतला ओलावा वाळून त्याचं मेकूड होतं. यातल्या कशालाही सर्दी म्हणत नाहीत.

बाळाच्या पाठीवर हात ठेवला तर हाताला घरघर लागते, आणि घरात कुणीतरी म्हणतंच, "छातीत कफ झालाय." बहुतेक वेळा ती घरघर नाका-घशातलीच असते. छाती पातळ असल्यामुळे वरचा आवाज खालपर्यंत पोचतो. ओळखायची एक सोपी खूण आहे: नाक साफ केल्यावर किंवा बाळ रडून मोकळं झाल्यावर घरघर कमी झाली, तर आवाज वरचा होता.

शिंका हेही आजाराचं लक्षण नव्हे. धूळ, दूध, शेंबूड बाहेर टाकायची बाळाकडे तेवढी एकच सोय आहे. उचक्यांची तर दखलही घेऊ नका.

आता त्या थांबण्याविषयी, कारण आईबापांची झोप उडवतं ते तेच. नवजात बाळ घड्याळासारखा श्वास घेत नाही. काही श्वास भरभर, मग पाच ते दहा सेकंद शांतता, मग पुन्हा भरभर. झोपेत हे जास्त दिसतं, आणि साधारण सहा महिन्यांपर्यंत आपोआप कमी होत जातं. या थांबण्यात बाळाचा रंग बदलत नाही, अंग सैल पडत नाही, आणि श्वास त्याचा तोच सुरू होतो. थांबणं २० सेकंदांपर्यंत गेलं, किंवा त्याहून कमी वेळातच बाळ निळं-पांढरं पडलं, अंग टाकून दिलं, तर मात्र ती वेगळी गोष्ट आहे. तिच्यासाठी वाट बघायची नसते. दिवस भरायच्या आधी, म्हणजे ३७ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत आणखी सावध राहायचं. त्याचं श्वासाचं नियंत्रण अजून पक्कं झालेलं नसतं.

पायरी पहिली: झबलं वर करा आणि पूर्ण मिनिट मोजा

आवाजाने जाग आली की आधी नाकाकडे धावू नका. दिवा लावा, छाती-पोट उघडं करा, आणि बघा. बाळ शांत किंवा झोपलेलं हवं. रडणाऱ्या किंवा दूध पिणाऱ्या बाळाचे श्वास मोजून काहीच कळत नाही.

मोबाइलवर ६० सेकंदांचा टायमर लावा. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. दिसत नसेल तर पोटावर तळवा अलगद ठेवा, दाबू नका. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचा मोह होतो. तो टाळा. वर सांगितलेल्या भरभर-थांब लयीमुळे त्या हिशेबात एकदा ३२ येतात आणि लगेच ७२. आम्ही पहिल्या रात्री हेच केलं होतं आणि स्वतःला उगाच घाबरवून घेतलं होतं.

नवजात बाळाचे मिनिटाला ३० ते ६० श्वास ही नेहमीची गोष्ट. मोठ्या माणसाच्या १२ ते २० शी तुलना केली तर हे धापा टाकल्यासारखं वाटेल, पण बाळाचं तसंच असतं. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त आले, तर थोडा वेळ जाऊ द्या, बाळ शांत असताना पुन्हा पूर्ण मिनिट मोजा. दुसऱ्यांदाही तेच आलं तर डॉक्टरांकडे निघायचं. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत हीच रेषा ५० वर येते.

पायरी दुसरी: आकडा बरोबर असला तरी छाती बघा

मोजताना नजर या जागांवरून फिरवा. बरगड्यांखाली आणि दोन बरगड्यांच्या मध्ये कातडी आत खेचली जातेय का? गळ्याखालची खळगी प्रत्येक श्वासाला खोल होतेय का? बाळाची छाती मऊ असते, त्यामुळे अगदी किंचित ओढ, विशेषतः रडताना, दिसू शकते. पण शांत झोपेतही प्रत्येक श्वासाला स्पष्ट खळगा पडत असेल, बरगड्या उठून दिसत असतील, तर बाळ श्वासासाठी मेहनत करतंय. नाकपुड्या फुलणं, श्वासाबरोबर डोकं वर-खाली हलणं, छाती आत जाताना पोट बाहेर येणं, हीसुद्धा त्याच मेहनतीची रूपं.

कण्हण्याबद्दल गोंधळ होतो. बाळं झोपेत अंग ताणतात, शी करताना लालबुंद होऊन कुंथतात, ते आवाज निरुपद्रवी. धोक्याचं कण्हणं वेगळं असतं: श्वास सोडताना, दरवेळी, न चुकता "अं... अं... अं..." असं बारीक. फुप्फुसं मिटू नयेत म्हणून बाळ हवा अडवून धरत असतं. हा आवाज फार हळू असतो. नाकाच्या घरघरीपुढे तो कुणाच्या लक्षातही येत नाही.

मग रंग. पहिल्या एक-दोन दिवसांत हातपाय निळसर दिसले तर बहुधा ते थंडीने असतात, आणि ऊब मिळाली की खुलतात. ओठ, जीभ, हिरड्या निळ्या किंवा राखाडी दिसल्या तर ती आणीबाणी. सावळ्या बाळाच्या बाहेरच्या कातडीवरून फसायला होतं, म्हणून तोंडाच्या आतच बघा, आणि पांढऱ्या उजेडात बघा. पिवळ्या दिव्याखाली रंग ओळखता येत नाही.

हे सगळं ठीक दिसलं, म्हणजे आकडा बरोबर, छाती निवांत, जीभ गुलाबी, बाळ दूध पितंय, तर तुमच्यापुढे एक वाजणारं नाक आहे, एवढंच.

पायरी तिसरी: नाक मोकळं करायचं, पण हात राखून

नाक वाजतंय पण बाळ मजेत झोपलंय, दूध ओढतंय, तर काहीही करू नका. खरंच. नाक साफ करायचं ते बाळासाठी, आपल्या कानांना बरं वाटावं म्हणून नाही.

दूध ओढताना अडचण होत असेल तर सलाइनचे थेंब वापरा. औषधाच्या दुकानात नवजात बाळांसाठीचे ०.९ टक्क्यांचे निर्जंतुक थेंब मिळतात. घरी मीठ-पाणी उकळून करू नका, मिठाचं प्रमाण चुकतं आणि पाणी निर्जंतुक राहत नाही. हात धुवा. थेंबांची बाटली मिनिटभर मुठीत धरा, गार थेंबाने बाळ दचकतं. बाळाला दुपट्यात सैलसर गुंडाळून हात आत घ्या, उताणं ठेवा, डोकं किंचित मागे. एका नाकपुडीत एक किंवा दोन थेंब. बाटलीचं टोक नाकाला टेकवायचं नाही. मग अर्धा ते एक मिनिट थांबायचं.

या मिनिटातच निम्मं काम होतं. शेंबूड सुटतो, बाळ शिंकतं, थोडं गिळून टाकतं. गिळलेल्याची काळजी नको. नाकाच्या तोंडाशी आलेलं ओलं मऊ कापडाने टिपा. वाळलेलं मेकूड दिसत असेल तरी काडी, कापसाचा बड, नख यांतलं काही आत घालू नका. थेंब घाला, थांबा, पुन्हा थेंब घाला. ते मऊ होऊन आपणहून कडेला येतं.

एवढ्यानेही भागलं नाही तर ओढून घ्यायचा रबरी फुगा. फुगा नाकाबाहेर असतानाच दाबायचा. आधी आत घालून मग दाबला तर शेंबूड आणखी आत ढकलला जातो. टोक नाकपुडीच्या तोंडाशीच, किंचित बाहेरच्या बाजूला वळवून ठेवा, आणि दाब हळूहळू सोडा. फुगा बाहेर काढून कागदावर रिकामा करा, मग दुसरी बाजू. वापरून झाल्यावर गरम साबणाच्या पाण्याने आतून धुवून, दाबून दाबून पाणी काढून, उलटा वाळत ठेवायचा. आत ओल राहिली की बुरशी धरते आणि ती बाहेरून दिसत नाही.

दिवसातून तीन-चार वेळा, आणि दुधाच्या आधी. दूध पाजल्यावर लगेच केलं तर सगळं बाहेर येतं.

इथे माझी चूक सांगतो. फुगा हाती आल्यावर मी तो दिवसाला आठ-दहा वेळा वापरायला लागलो. दर वेळी थोडं काहीतरी निघायचं, आणि आपण उपयोगी पडतोय असं वाटायचं. चौथ्या दिवशी नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदलेलं, आणि शेंबडात रक्ताची रेघ. डॉक्टरांनी नाकात बघितलं आणि विचारलं, "फुगा किती वेळा?" आतली त्वचा माझ्या ओढाओढीनेच सुजली होती. फुगा कपाटात गेला, नुसते थेंब राहिले, आणि दोन दिवसांत नाक मोकळं झालं.

दूध आणि लंगोट

नाक बंद असलेलं बाळ दोन घोट घेतं, सोडतं, धापा टाकतं, रडतं, पुन्हा ओढतं. ते भुकेलंही असतं आणि चिडलेलंही. पाजायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी थेंब घाला, थोडं थोडं आणि जास्त वेळा पाजा, मध्ये दम घेऊ द्या. पाजल्यावर वीसेक मिनिटं खांद्यावर उभं धरा. गुळणीमुळे नाक वाजत असेल तर याने बराच फरक पडतो.

पाचव्या-सहाव्या दिवसानंतर दिवसाला निदान सहा लंगोट ओले व्हायला हवेत. नेहमीच्या निम्म्याहून कमी दूध जात असेल, किंवा लंगोट कोरडे राहायला लागले, तर श्वासाचा आकडा काहीही असो, बाळ दमलंय असं समजा. आमच्या दुसऱ्या रात्रीची पहिली बातमी लंगोटानेच दिली होती.

झोपवायचं कसं

उताणं, सपाट आणि घट्ट गादीवर. नाक चोंदलेलं असतानाही हेच. डोक्याखाली उशी, गादीखाली घडी, तिरकी पाचर, गाडीच्या सीटमध्ये रात्रभर झोप, यांतून श्वास मोकळा होत नाही. उलट हनुवटी छातीला टेकून श्वासाची नळी दुमडते. "उताणं असताना दूध घशात गेलं तर?" हा प्रश्न रास्त आहे. उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे वर आलेलं दूध तिच्यात शिरायला चढ चढावा लागतो. पालथ्या बाळात हे नेमकं उलटं होतं.

खोली फार गरम करू नका. हवा कोरडी असेल तर गार वाफेचं यंत्र चालेल, मात्र पाणी रोज बदलून आणि यंत्र धुवून. आणि धूर नको. सिगारेटचा, उदबत्तीचा, डासांच्या कॉइलचा, कसलाच. बाहेर ओढून आलेल्या माणसाच्या कपड्यांतून येतो तोही बाळाच्या नाकाला पुरतो. इथे मी कुणाचीही भीड ठेवत नाही.

हे करू नका

गरम पाण्याची वाफ: भाजण्याचे अपघात यातूनच होतात. कापूर किंवा मेंथॉल असलेला बाम: दोन वर्षांखाली नाही, ना छातीला, ना तळव्यांना. कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात, आणि मेंथॉलने लहान बाळाचा श्वास अडू शकतो. मोठ्यांचे नाक मोकळं करायचे थेंब: एका-दोन थेंबांनीही नवजात बाळ गुंगीत जाऊ शकतं. सर्दी-खोकल्याची सिरपं डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नाहीत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्येच दोन वर्षांखालील मुलांना दुकानात मिळणारी असली औषधं देऊ नका, असं सांगितलं आहे. नाकात तेल घालू नका, ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया करतं. नाकात आईचं दूधही नको. मध वर्ष पूर्ण होईपर्यंत चाटवायचासुद्धा नाही.

मोठ्यांच्या बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र बाळाच्या बोटावर भलतेच आकडे दाखवतं. पायमोज्यात बसवायची यंत्रंही रात्रभर खोटे इशारे देतात. बाळ बघायचं, यंत्र नाही.

नाकाखेरीज इतर आवाज

श्वास आत घेताना बारीक, चिरका आवाज, उताणं असताना आणि रडताना जास्त, पालथं धरलं की कमी: हा बहुधा स्वरयंत्राच्या वरच्या मऊ कूर्चेचा. पहिल्या काही आठवड्यांत सुरू होतो, काही महिने वाढतो, आणि बहुतेक बाळांत दीड-दोन वर्षांत जातो. तरी एकदा दाखवायलाच हवा, कारण वजन वाढतंय की नाही हे बघावं लागतं.

शांत असताना निळसर पडणारं आणि रडलं की गुलाबी होणारं बाळ ही फार वेगळी खूण. नाकाची मागची वाट जन्मतः बंद असली की असं होतं, कारण रडताना तोंडाने हवा मिळते. एकाच नाकपुडीतून महिनोन् महिने घट्ट स्राव येत राहिला तर एकच बाजू बंद असण्याची शक्यता असते.

सर्दीनंतर श्वास सोडताना शिट्टी आणि धाप हा फुप्फुसातल्या बारीक नळ्यांचा संसर्ग, जो बहुतेकदा आरएसव्ही नावाच्या विषाणूने होतो. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी तो सर्वांत जोरात असतो, म्हणून दुसऱ्या दिवशी "बरं दिसतंय" म्हणून ढिलाई नको. अगदी लहान बाळात या संसर्गाची पहिली खूण श्वास थांबणं हीच असू शकते. डांग्या खोकल्याचंही तसंच, नवजात बाळ त्यात खोकेलच असं नाही. घरात कुणी खोकत-शिंकत असेल तर त्याने बाळ घेऊ नये, आणि ज्याने घ्यायचं त्याने आधी हात धुवावेत.

निघायचं केव्हा

थांबायचंच नाही, रुग्णवाहिका बोलवायची: जीभ-ओठ निळे किंवा राखाडी, श्वास २० सेकंद थांबला, बाळ सैल पडलंय, उठवून उठत नाही. तोवर तळवे चोळा, पाठ चोळा. जोरात हलवू मात्र नका. श्वास सुरूच झाला नाही तर फोन स्पीकरवर ठेवा आणि पलीकडची व्यक्ती सांगेल तसं छाती दाबणं व तोंडाने श्वास देणं सुरू करा. याचं प्रात्यक्षिक बाळ येण्याआधी शिकून घेता आलं तर उत्तम.

त्याच तासात डॉक्टर किंवा इस्पितळ: दोनदा मोजूनही ६० किंवा जास्त श्वास, बरगड्या ओढल्या जाणं, दर श्वासाला कण्हणं, नाकपुड्या फुलणं, दूध निम्म्यावर, आणि तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा अधिक ताप. या वयात ताप औषध देऊन घरी उतरवायचा नसतो. अंग गार पडून गरम होत नसेल तर तेही तितकंच गंभीर.

नुसतं नाक वाजत असेल, किंवा आठवडाभर सर्दी हटत नसेल, तर सकाळी दाखवलं तरी चालतं. आणि वरचं काहीच जुळत नाही, पण बाळ "आज नेहमीसारखं नाही" असं तुम्हाला वाटतंय, तरीही फोन करा. डॉक्टरांना असे फोन नवे नसतात.

जाण्याआधी, बाळ ठीकठाक असेल तर, मोबाइलवर व्हिडिओ काढा. झबलं वर, छाती आणि चेहरा दोन्ही दिसतील असा, पांढऱ्या उजेडात, निदान ३० सेकंदांचा, आणि त्यात बोलू नका म्हणजे आवाज ऐकू येईल. दवाखान्यात पोचल्यावर बाळं हटकून शहाण्यासारखी श्वास घ्यायला लागतात. आकडे कागदावर लिहून न्या: किती वाजता किती श्वास, शेवटचं दूध कधी आणि किती, शेवटचा ओला लंगोट कधी, ताप किती, कितव्या आठवड्यात जन्म. त्या दुसऱ्या रात्री माझ्याकडे हा कागद नव्हता. तपासणीच्या टेबलापाशी उभं राहून "लंगोट शेवटचा कधी बदललात?" या प्रश्नावर आम्ही दोघांनी एकाच वेळी दोन वेगवेगळ्या वेळा सांगितल्या.